रोज रात्री वायफाय मंदावतं, रीस्टार्ट केलं की तासभर बरं: दोष नेमका कुठे ते कसं शोधायचं

तक्रार अशी होती. प्लॅन २०० एमबीपीएसचा. दिवसभर सगळं ठीक. रात्री नऊच्या सुमारास बेडरूममध्ये व्हिडिओ अडकायला लागतो, ऑफिसच्या कॉलवर आवाज तुटतो. राउटर बंद करून चालू केला की तासभर छान चालतं, मग पुन्हा तेच.

ही तक्रार माझ्या ताईची, चिंचवडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली. दीड वर्षात तिने दोन राउटर बदलले होते. तिसरा घ्यायला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब, मी येते." शनिवार-रविवार तिच्याकडे राहून जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे. अगदी हीच तक्रार ओळखीच्या बऱ्याच घरांमध्ये पाहिली आहे, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिला उपाय म्हणून राउटरच बदललेला होता.

आधी मोजा, तेही त्रास होतो त्याच वेळी

नेट आपल्या फोनपर्यंत तीन टप्प्यांनी येतं. बाहेरून भिंतीवरच्या फायबरच्या डब्यापर्यंत, म्हणजे ज्याला ऑपरेटरची माणसं ओएनटी म्हणतात तिथपर्यंत. त्या डब्यापासून राउटरपर्यंत केबलने. आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून. नवा राउटर आणल्याने सुधारला तर शेवटचा टप्पा सुधारतो. पहिल्या दोन टप्प्यांत दोष असेल तर दहा हजारांचा राउटरही तेवढंच देईल. काही घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात, तिथे मधला टप्पा नसतो.

म्हणून लॅपटॉप आणि चांगली लॅन केबल घेऊन बसा. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आहे ना, हे आधी पाहा. रात्री नऊला, त्रास सुरू झाल्यावर, तीन मापं घ्या: लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून, मग राउटरला केबलने जोडून, मग बेडरूममध्ये वायफायवर. पहिल्या मापासाठी काही ठिकाणी ऑपरेटरचं युजरनेम-पासवर्ड लॅपटॉपवर टाकावं लागतं, ते हाताशी ठेवा. स्पीडटेस्ट प्रत्येक वेळी एकाच साइटवर आणि एकाच सर्व्हरवर करा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. आकडे कागदावर लिहा. मी हे तीन रात्री करायला सांगते, कारण एका रात्रीचं माप फसवू शकतं.

ताईकडे आकडे आले ते असे: थेट ओएनटीवर २०३, राउटरवर केबलने ९४, बेडरूममध्ये वायफायवर ७ ते ११.

या तीन आकड्यांत जवळजवळ सगळं निदान आहे. ऑपरेटरची लाइन रात्री नऊलाही पूर्ण वेग देत होती, तेव्हा तिकडे फोन करून भांडण्यात अर्थ नव्हता. उरले दोन दोष, आणि दोन्ही घरातच.

९४ हा आकडा दिसला की केबल तपासा

९३ ते ९५ एमबीपीएस हे माप दिसलं आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर तो योगायोग नसतो. वाटेत कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर झालेली आहे. इथरनेटची आणि टीसीपी-आयपीची वेष्टनं (डेटाभोवतीची पत्ता वगैरे माहिती) वजा जाता १०० च्या जोडणीतून एवढंच हाती लागतं.

याची तीन कारणं मला वारंवार दिसतात. एक, राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे आहेत. दोन, लॅपटॉपचा पोर्ट तसा आहे. तीन, आणि हे सगळ्यांत दुर्लक्षित, केबलमध्ये आठ तारांपैकी चारच तारा धड आहेत. १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोन जोड्या म्हणजे चार तारा पुरतात, आणि त्या केबलच्या टोकाच्या क्लिपच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर असतात. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट दाबली गेली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. दिवे लागतात, नेट चालतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

ताईच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर पाहिलं, तर ओएनटीकडच्या पोर्टचा वेग १०० दाखवत होता. पोर्ट मात्र गिगाबिट होते. मधली मीटरभर पांढरी केबल काढून क्लिप उजेडात धरली: आत चारच रंगीत तारा. जोडणी करायला आलेल्या माणसाने दोन जोड्यांची स्वस्त केबल लावली होती. राउटर दोनदा बदलले, पण केबल तीच राहिली. कोणत्याही नव्या राउटरला ती १०० च्या पुढे जाऊच देत नव्हती.

जवळच्या दुकानातून कॅट ६ ची तयार केबल आणली, दीड मीटरची. राउटरवरचं माप लगेच २०१. केबल घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा: कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेलं असावं, आणि तारा निव्वळ तांब्याच्या असाव्यात. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा लांब पल्ल्याला आणि वारंवार वाकवायला वाईट. घरी क्लिप दाबायची असेल तर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्याची जोडी मुद्दाम फोडलेली आहे, ती सरळ शेजारी-शेजारी लावू नका.

मग रीस्टार्ट केल्यावर बरं का वाटायचं?

मला सगळ्यांत जास्त वेळ या प्रश्नाने घेतला, आणि खरा रोग त्याच्याच उत्तरात होता.

बेडरूममध्ये फोनवर वायफाय अॅनालायझर (आसपासची वायफाय दाखवणारं ॲप) उघडला. ताईच्या राउटरचं वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झवर २७ नावं दिसली. शेजारचे, वरचे, खालचे, समोरच्या इमारतीतले, दोन-तीन टीव्ही आणि एक प्रिंटर. ५ गिगाहर्ट्झवर सहाच. आणि ताईचा फोन त्या २७ च्या गर्दीत बसला होता.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मुळातच चिंचोळा आहे, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. चॅनेल तेरा दिसतात, पण प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ आणि दोन शेजारच्या चॅनेलांमध्ये अंतर फक्त ५ चं. म्हणजे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. कोणी ३ किंवा ८ वर बसला की तो दोन्ही बाजूंना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो. एकाच चॅनेलवरची यंत्रं निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलांमध्ये एकाचं बोलणं दुसऱ्याला नुसता गोंगाट वाटतो. त्यात प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारतो, आणि ते सहसा सगळ्यांत संथ वेगाने. २७ नावांचा हा पुकारा कोणी नेट वापरत नसतानाही हवेचा वेळ खातो. रात्री नऊला सगळी घरं एकदम टीव्ही आणि फोनवर बसतात, तेव्हा उरलेला वेळही जातो. मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवण गरम करायची वेळही तीच.

आता रीस्टार्टचं कोडं. राउटर चालू होताना बरेचदा चॅनेल नव्याने निवडतो, त्या क्षणी जो मोकळा वाटेल तो. हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. रीस्टार्टनंतर घरातले सगळे फोन नव्याने जोडले जातात, आणि बहुतेक वेळा माणसं तेव्हा हॉलमध्ये, राउटरजवळ असतात. जवळून ५ गिगाहर्ट्झ छान मिळतं, फोन त्यावर बसतात. तासाभराने ताई बेडरूममध्ये जाते, दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ क्षीण होतं, फोन २.४ वर उतरतो. एकदा उतरला की तिथेच चिकटतो. कोणत्या पट्ट्यावर बसायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फार तर ढकलू शकतो. म्हणून रीस्टार्ट हा उपाय वाटायचा. प्रत्यक्षात तो फोनला तासभरापुरता चांगल्या पट्ट्यावर बसवत होता.

हे तपासायला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवा. हवा स्वच्छ असेल तर उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत येतं. ताईकडे बेडरूममधून ते मधूनच ३०० च्या वर उडत होतं. हे अंतर फक्त लॅपटॉप ते राउटर एवढंच, यात बाहेरच्या नेटचा संबंध नाही. हा आकडा उडत असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय) बदलून, प्लॅन वाढवून काहीही होणार नाही.

काय काय बदललं

पहिलं, जागा. राउटर टीव्हीच्या मागे, लाकडी युनिटच्या खालच्या कप्प्यात होता, बाजूला लोखंडी कपाट. टीव्हीची पाठ, कपाट, आरसा, फ्रिज, सगळं धातूचं, आणि धातूपलीकडे लहरी जात नाहीत. शिवाय हॉल आणि बेडरूमच्या मध्ये बाथरूम: टाइल्स, पाइप आणि पाणी. ५ गिगाहर्ट्झचा जीव त्यातच जातो. राउटर तिथून काढून पॅसेजमध्ये, दरवाजाच्या चौकटीच्या उंचीवर, फळीवर ठेवला. त्यासाठी स्कर्टिंगच्या कडेने दहा मीटर कॅट ६ न्यावी लागली. ताईला भिंतीवरची केबल आवडली नाही, पण बेडरूममधला सिग्नल वजा ७८ डीबीएमवरून (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) वजा ६१ वर आला. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. कॉलसाठी वजा ६७ च्या आत असावा असं मी धरते. एवढा फरक कोणत्याही सेटिंगने पडला नसता.

दुसरं, ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद केलं. ऑपरेटरच्या डब्यात बरेचदा वायफाय असतंच आणि आपण वेगळा राउटर लावला तरी ते चालू राहतं. एकाच घरात दोन वायफाय, एकाच गर्दीत. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यावर, टाकला की दुहेरी एनएटीची (दोन डब्यांनी पत्ते दोनदा बदलण्याची) कटकटही मिटते. गेम खेळणारी मुलं किंवा बाहेरून कॅमेरा पाहणारी घरं असतील तर हे नक्की करा.

तिसरं, २.४ ची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली आणि चॅनेल ऑटोऐवजी ११ वर खिळवला, कारण स्कॅनमध्ये तिथे गर्दी सगळ्यांत कमी होती. खोक्यावरचे आकडे मोठे दिसावेत म्हणून काही राउटर ४० वर किंवा ऑटोवर येतात. वस्तीत ४० घेतलं की जवळजवळ अर्धा पट्टा व्यापला जातो, तुमचंही नुकसान आणि शेजाऱ्यांचंही.

चौथं, ५ गिगाहर्ट्झ ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर, चॅनेल ३६. ऑक्टोबर २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने आपल्याकडे ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वायफायसाठी विनापरवाना केले, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. जागा भरपूर आहे. तरी ५२ ते १४४ या चॅनेलांवर अनेक राउटर रडारची चाहूल घेत बसतात. चाहूल लागली, खरी किंवा खोटी, की तो चॅनेल लगेच सोडावा लागतो, आणि घरातल्या सगळ्यांची जोडणी क्षणभर तुटते. "पंधरा-वीस मिनिटांनी अचानक तुटतं आणि आपोआप येतं" अशी तक्रार असेल तर हे आधी बघा. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या दोन गटांत ती भानगड नाही.

पाचवं, दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. पुष्कळ लोक एकच नाव ठेवायला सांगतात. अनेक राउटरांची मेश असेल तर मलाही ते पटतं. एका राउटरच्या फ्लॅटमध्ये मी वेगळीच ठेवते: टीव्ही, लॅपटॉप, फोन यांना फक्त ५ चं नाव माहीत, आणि गीझरचा स्मार्ट प्लग, जुना प्रिंटर असल्या वस्तूंना २.४ चं. फोन मग चुकीच्या पट्ट्यावर उतरूच शकत नाही.

एक सावधगिरी. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करण्याआधी ऑपरेटरचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लिहून घ्या. रविवारी संध्याकाळी हे नसलं की सोमवारपर्यंत घर नेटविना.

तुमचे आकडे वेगळे आले तर

थेट ओएनटीवरच रात्री वेग पडत असेल तर प्रश्न बाहेरचा आहे. जीपीओएन या फायबर वाटून घेण्याच्या पद्धतीत एका फायबरवरचे सुमारे २.५ गिगाबिट अनेक घरांमध्ये वाटले जातात, बहुतेक ३२ किंवा ६४ पर्यंत. त्यापुढे ऑपरेटरची स्वतःची लाइन असते. तक्रार करताना "वायफाय स्लो आहे" असं सांगू नका, कारण उत्तर "राउटर बदला" हेच येणार. "राउटर काढून, केबलने, तीन रात्री साडेनऊला मोजलं" असं सांगा आणि आकडे द्या.

ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसत असेल तर पाहा. वजा २७ डीबीएमच्या खाली गेली की जोडणी डळमळते. कारण बरेचदा साधं असतं: बाल्कनीच्या सरकत्या खिडकीत चेपलेली किंवा कपाटामागे काटकोनात मुडपलेली फायबरची तार. फायबर तीव्र वाकवला की प्रकाश बाहेर गळतो. तार सैल गोलाईत ठेवा. तिचं टोक उघडून बोटाने पुसू नका.

साताऱ्याला काकांकडे तक्रार हीच, पण कारण वेगळं होतं. तिथे प्लॅन ३० चा आणि दोन कॅमेरे सतत चित्रं वर पाठवणारे. रात्री चुलत बहिणीचा फोन चार्जिंगला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू व्हायचा. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारंही थांबतं, कारण प्रत्येक डाउनलोडची पोच वर पाठवावी लागते. राउटरला पिंग ३ मिलिसेकंद, बाहेर मात्र ४००. कॅमेऱ्यांचा दर्जा कमी केला, राउटरमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधली, आणि कॉल सुरळीत झाले. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालत असेल तर त्यातली एसक्यूएम ही डेटाची रांग सांभाळणारी सोय याच कामाची, आणि फार चांगली.

राउटर स्वतःच बंद-चालू होत असेल तर आधी ॲडाप्टर बदलून पाहा. तीन-चार वर्षांत त्यातले कपॅसिटर थकतात आणि भार वाढला की व्होल्टेज पडतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

एवढं करूनही राउटर घ्यायचाच असेल

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ यांची बेरीज, आणि तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. त्यातही प्रत्यक्ष हाती साधारण निम्मं ते दोन तृतीयांश येतं. पोर्टचा वेग मात्र बारीक अक्षरांत असतो, तो आधी वाचा. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी १२०० म्हणून विकले गेले, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. १०० पेक्षा मोठ्या प्लॅनवर पहिला घेणं म्हणजे ताईच्या चार तारांच्या केबलसारखंच.

आज नवा घेताना वायफाय ६, गिगाबिट पोर्ट, आणि कंपनी अजून फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) देते आहे का, एवढं मी बघते. वायफाय ७ साठी जास्त पैसे मोजायच्या आधी घरातले फोन-लॅपटॉप ते ओळखतात का ते पाहा. अँटेनांची संख्या विसरा. तीन खोल्यांच्या पुढचं घर किंवा दुमजली बंगला असेल तर एक बलाढ्य राउटर घेण्यापेक्षा दोन साधे, केबलने जोडलेले, केव्हाही चांगले. प्लगमध्ये लावायचे स्वस्त रिपीटर मी सुचवत नाही: एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

ताईने राउटर घेतला नाही. सोमवारी रात्री सव्वानऊला तिने बेडरूममधून माप पाठवलं, १६४. पुढचे तीन आठवडे रीस्टार्ट करावा लागला नाही. अजून एक कोपरा बाकी आहे, मागची बाल्कनी. तिथे ती सकाळी काम करते आणि सिग्नल वजा ७४ असतो. जुना राउटर पडून आहे, तो ॲक्सेस पॉइंट म्हणून तिथे लावायचा आहे. दिवाळीआधी रंगकाम निघेल तेव्हा भिंतीतून केबल नेऊ.